छत्रछायेची किंमत

डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी कुवेतच्या दौऱ्यावर गेले. १९८१ नंतर तब्बल ४३ वर्षांनी भारताच्या पंतप्रधानांनी त्या देशाला भेट दिली. कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपया हेच चलन होते, या गोष्टीचा त्या निमित्ताने अभिमानाने उल्लेख झाला. अभिमान वाटण्यात गैर काहीच नाही. अरबी गलबते खजूर, घोडे आणि मोती घेऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत आणि परतताना मलबारचे सागवान, तांदूळ, कापड घेऊन जात. हा व्यापार इंग्रजी साम्राज्याहून कितीतरी जुना आहे. परंतु रुपयाच्या पाठोपाठ त्या वाळवंटी बंदरात आणखी एक गोष्ट भारतातून गेली होती. ती म्हणजे इंग्रजांची ‘रेसिडेंट’ पद्धत. तिचा इतिहास आठवल्याखेरीज त्या अभिमानाचा हिशेब पुरा होत नाही.

२३ जानेवारी १८९९ रोजी कुवेतचे शेख मुबारक यांनी इराणी आखातातील ब्रिटिश रेसिडेंट कर्नल मीड यांच्याशी एक गुप्त करार केला. ब्रिटिश सरकारच्या अनुमतीवाचून आपल्या भूमीचा कोणताही भाग परक्या सत्तेला देणार नाही, विकणार नाही, गहाण ठेवणार नाही आणि परक्या सत्तेचा प्रतिनिधी स्वीकारणार नाही, असे शेखाने आपल्या वतीने आणि वारसांच्या वतीने लिहून दिले. मोबदला ठरला १५,००० रुपये आणि ब्रिटिशांच्या ‘सदिच्छा’. हे रुपये बुशहर येथील रेसिडेन्सीच्या खजिन्यातून दिले गेले. रेसिडेन्सी हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्याखाली होती, तेथील अधिकारी हिंदुस्थानातील संस्थाने हाताळून तयार झालेले होते आणि आखाताच्या कारभाराच्या खर्चाचा मोठा वाटा हिंदी करदात्याच्या माथी होता.

१८०२ च्या वसईच्या तहाचा इतिहास शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला या कराराचा सांगाडा ओळखीचा वाटेल. कुवेतमध्ये तैनाती फौज ठेवली गेली नाही एवढाच काय तो फरक. परराष्ट्र व्यवहार गहाण टाकायचे, त्या बदल्यात गादीची हमी घ्यायची आणि पुढे प्रत्येक प्रश्नावर रेसिडेंटच्या तोंडाकडे पाहायचे, हा क्रम तोच होता.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर या संबंधांना आणखी उजाळा मिळाला. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी ब्रिटिशांनी शेख मुबारक यांना लेखी आश्वासन दिले की, बसरा जिंकण्याच्या कामी साहाय्य केल्यास ब्रिटिश संरक्षणाखालील स्वतंत्र शासन म्हणून कुवेतला मान्यता मिळेल. तसेच फाओ ते कुर्ना या पट्ट्यातील शेखाच्या खजुरीच्या बागा त्याच्या व त्याच्या वंशजांच्या ताब्यात करमुक्त राहतील. त्यानंतर तीनच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, सहाव्या पुणे डिव्हिजनचे सैनिक फाओच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांत ११७ वी मराठा पलटण होती. पुढे कुतच्या वेढ्यात या पलटणीने उपासमार सोसली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. ज्या भूमीबद्दलची वचने इंग्रज कागदावर लिहून देत होते, ती भूमी मराठी रक्ताने जिंकली जात होती. इंग्रजांनी ती वचने कशी पाळली, हे पाहण्याचा अधिकार म्हणूनच मराठी माणसालाही आहे.

युद्ध संपले आणि साम्राज्याचे हिशेब बदलले. इराकचा ‘मँडेट’ ब्रिटनकडे आला. १९२१ मध्ये फैसल यांना बगदादच्या गादीवर बसविण्यात आले. दक्षिणेकडे नज्दचे इब्न सौद बलाढ्य होत होते आणि त्यांनाही ब्रिटनकडून वर्षाला ६०,००० पौंडांचे अनुदान मिळत होते. इराकचा राजा ब्रिटनचा, नज्दचा सुलतान ब्रिटनचा मित्र आणि कुवेतचा शेख ब्रिटनच्या संरक्षणाखाली. तिघांच्या सीमा एकमेकांना भिडल्या, तेव्हा कोणाच्या पदरात काय पडणार, हे ज्याच्या त्याच्या बळावर ठरले.

१९२२ च्या अखेरीस उकैर येथे परिषद भरली. इराकमधील ब्रिटिश हाय कमिशनर सर पर्सी कॉक्स तिचे सूत्रधार होते. इब्न सौद स्वतः उपस्थित होते. कुवेतच्या वतीने मात्र कुवेतचा कोणीही नव्हता. ब्रिटिश पोलिटिकल एजंट मेजर मूर हेच कुवेतचे प्रतिनिधी म्हणून बसले होते. चर्चा रेंगाळली, तेव्हा कॉक्स यांनी नकाशावर स्वतःच्या हाताने रेघा ओढल्या. इब्न सौद ज्या प्रदेशावर हक्क सांगत होते, त्याचा मोठा भाग इराकला मिळाला. त्यांची नाराजी दूर करण्यासाठी भरपाई देण्यात आली ती कुवेतच्या भूमीतून! १९१३ च्या ब्रिटिश–तुर्की करारात शेखाची सत्ता जेथवर मान्य करण्यात आली होती, त्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश प्रदेश एका सहीसरशी गेला. ही सही २ डिसेंबर १९२२ रोजी कुवेतच्या नावाने एका इंग्रज अधिकाऱ्याने केली. नवे शेख अहमद अल जाबेर यांना निर्णय मागाहून कळविण्यात आला. परिषदेला हजर असलेले ब्रिटिश अधिकारी डिक्सन यांच्या आठवणींनुसार, शेखाने जाब विचारला तेव्हा कॉक्स यांनी लेखणीपेक्षा तलवार बलवत्तर असल्याचे त्यांना ऐकविले. ज्यांनी लेखणीने संरक्षणाचे वचन दिले होते, त्यांनीच शेखाला तलवारीचे महत्त्व सांगावे, यापरता उपहास तो कोणता!

भूमीपाठोपाठ पोटावर पाय आला. नज्दच्या टोळ्या पिढ्यान्‌पिढ्या कुवेतच्या बाजारात खरेदीला येत. १९२३ च्या सुमारास इब्न सौद यांनी हा व्यापार रोखला आणि ही नाकेबंदी दशकाहून अधिक काळ चालली. त्यातच जपानी कृत्रिम मोती बाजारात आले, १९२९ नंतर जागतिक मंदी आली आणि मोत्यांवर जगणारे शहर खंगले. नाकेबंदी उठविणे साम्राज्याला अशक्य नव्हते. पण २० मे १९२७ रोजी ब्रिटनने इब्न सौद यांच्याशी जेद्दाचा तह केला. कुवेतशी मैत्रीचे संबंध राखण्याचे कलम त्या तहात होते. नाकेबंदी मात्र तशीच चालू राहिली. मोठ्या मित्राला दुखवून छोट्या आश्रिताचा बाजार वाचविणे लंडनला परवडणारे नव्हते.

खजुरीच्या बागांच्या वचनाचीही तीच गत झाली. बागा आता इराकच्या हद्दीत होत्या. इराकने कर आकारला, मालकीचे दावे बसऱ्याच्या न्यायालयात गेले आणि १९१४ च्या लेखी शब्दाची जबाबदारी कोणी उचलायची, भरपाईचे पैसे कोणी मोजायचे, यावर सरकारी दफ्तरांत वर्षानुवर्षे काथ्याकूट होत राहिला. १९३२ मध्ये इराकला स्वातंत्र्य देताना या बागांचा प्रश्न मिटविण्याची संधी होती. तीही दवडली गेली.

तेलाच्या बाबतीत मात्र साम्राज्य विलक्षण दक्ष होते. ब्रिटिश संमतीवाचून तेलाचा परवाना देणार नाही, असे शेखाकडून १९१३ मध्येच लिहून घेण्यात आले होते. २३ डिसेंबर १९३४ रोजी कुवेत ऑइल कंपनीला ७५ वर्षांचा परवाना मिळाला. कंपनीत निम्मा वाटा अँग्लो-पर्शियनचा आणि निम्मा अमेरिकेच्या गल्फ कंपनीचा होता. शेखाशी करार होण्यापूर्वीच या कंपनीने ब्रिटिश सरकारशी स्वतंत्र राजकीय करार केलेला होता. फेब्रुवारी १९३८ मध्ये बुर्गान येथे तेलाचा प्रचंड साठा लागला आणि वाळूच्या त्या तुकड्याचे मोल एका दिवसात बदलले.

त्याच वर्षी कुवेतच्या व्यापारी घराण्यांनी एक धाडस केले. दीडशे कुटुंबप्रमुखांनी मतदान करून १४ जणांची मजलिस निवडली. अध्यक्षस्थानी शेखांचेच चुलतभाऊ अब्दुल्ला अल सालेम होते. मक्तेदाऱ्या मोडणे, जकात सुधारणे, शाळा काढणे अशी कामे या मंडळींनी हाती घेतली. प्रजेला विश्वासात घ्या, असा सल्ला आरंभी ब्रिटिश अधिकाऱ्यांनीच शेखाला दिला होता. परंतु मजलिस तेलाच्या उत्पन्नावर हक्क सांगू लागताच वारे फिरले. डिसेंबर १९३८ मध्ये मजलिस बरखास्त झाली आणि संरक्षक सत्ता शेखाच्या बाजूने स्वस्थ उभी राहिली.

मजलिसचा पराभव केवळ परकीयांमुळे झाला, असे म्हणणे मात्र सत्याला धरून होणार नाही. मजलिसने शहरातील शिया समाजाला निवडणुकीतून वगळले होते. या समाजातील अनेकांनी घाबरून ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केले. इराकच्या वाऱ्यावर स्वार झालेला दुसरा गट बगदादकडे डोळे लावून बसला होता. घरातील एक भाग परक्याकडे संरक्षण मागतो आणि दुसरा भाग शेजाऱ्याकडे सहानुभूती, तेव्हा मधल्या मूठभर सुधारकांना मोडणे कोणत्याही सत्तेला सोपे जाते. समाज एकसंध नसेल, तर उत्तम सनदही कागदावरच राहते, हे कुवेतने दाखवून दिले.

या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ब्रिटिश छत्र नसते तर कुवेत उरलेच नसते, असे म्हटले जाईल. १९२० मध्ये जहराच्या लढाईनंतर इखवान टोळ्यांना थोपविण्यासाठी ब्रिटिश युद्धनौका आणि विमाने धावून आली. १९६१ मध्ये कुवेत स्वतंत्र होताच इराकच्या कासिम यांनी त्यावर हक्क सांगितला, तेव्हाही ब्रिटिश सैन्य उतरले. हे खरेच आहे. पण साम्राज्याला स्वतःचे बंदर, स्वतःचा मार्ग आणि पुढे स्वतःचे तेल राखायचे होते, तोवर संरक्षण खणखणीत होते. जेथे कुवेतचे हित साम्राज्याच्या हितापासून वेगळे झाले, तेथे उकैर घडले. शिवाय कॉक्स यांच्या काळात आखलेल्या सीमांनी इराकला समुद्राकाठची जेमतेम चिंचोळी पट्टी मिळाली आणि कुवेतच्या वाट्याला शेजाऱ्याचा कायमचा आकस आला. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेन यांचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले, त्यामागे हा आकसही होता. त्या वेळी दीड लाखांहून अधिक भारतीयांना मायदेशी आणावे लागले. महाराष्ट्रातील कित्येक घरांनी ते दिवस जीव मुठीत धरून काढले आहेत.

भारताने यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की, करारातील शब्दाला किंमत येते ती स्वतःच्या सामर्थ्यामुळे. कोणत्याही महासत्तेशी मैत्री जरूर करावी. पण आपल्या वतीने दुसऱ्याने टेबलावर बसावे, अशी वेळ राष्ट्राने स्वतःवर कधीही येऊ देऊ नये. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आज भारत सामर्थ्यवान होत आहे आणि त्याच्या सभोवती लहान देश आहेत. भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालावे, हे १९४९ च्या तहातील कलम २००७ मध्ये भारताने आपणहून बदलले. ही रेसिडेंटची परंपरा नव्हे. दुर्बळाच्या भूमीवर नजर न ठेवणाऱ्या, दिलेल्या शब्दाला जागणाऱ्या संस्कृतीची ही परंपरा आहे. सामर्थ्य वाढेल तसा तिचा कस लागेल.

१९३८ मध्ये ज्यांची मजलिस मोडली गेली, ते अब्दुल्ला अल सालेम १९५० मध्ये गादीवर आले. १९ जून १९६१ रोजी त्यांनीच १८९९ चा करार संपुष्टात आणला आणि पुढच्याच वर्षी देशाला राज्यघटना दिली. १५,००० रुपयांत गहाण पडलेले स्वत्व सोडवून घ्यायला त्या छोट्या देशाला ६२ वर्षे लागली. भारतालाही स्वत्वाच्या गहाणखताची किंमत ठाऊक आहे. ती पुन्हा मोजावी लागू नये आणि दुसऱ्याकडून वसूल करण्याचा मोहही होऊ नये, यासाठी समाजाने जागे आणि संघटित राहणे आवश्यक आहे.