एकच लॉगिन सोयीचे. पण कुलूप भक्कम हवे

जठारपेठ असो वा मुंबई, अनेक कार्यालयांत मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर मेल, हजेरी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे पासवर्ड, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे. 'सिंगल साइन-ऑन' हा यावरचा उपाय.

नेमके काय होते?
कर्मचारी एकाच ओळख-सर्व्हरवर लॉगिन करतो. तो सर्व्हर इतर अ‍ॅपना ठरावीक मुदतीचे, डिजिटल सही केलेले टोकन देतो. पासवर्ड त्या अ‍ॅपकडे जातच नाही.

सरकारने काय केले?
शासकीय कर्मचाऱ्यांसाठी एनआयसीची 'परिचय' सेवा आहे. नागरिकांसाठी जुलै २०२२ मध्ये 'मेरी पहचान' सुरू झाली. डिजिलॉकर, ई-प्रमाण किंवा जन परिचय यांपैकी एका खात्यावर अनेक सरकारी सेवा वापरता येतात.

मोठा फायदा कोणता?
नोकरी सोडलेल्याचे एक खाते बंद केले, चालू लॉगिन रद्द केले, की जोडलेल्या सर्व अ‍ॅपची दारे बंद. नाहीतर एखादे खाते विसरले जाते आणि महिनोन्‌महिने उघडे राहते.

धोका काय?
एकच किल्ली चोराच्या हाती लागली, तर सगळे घर उघडे. म्हणून पासवर्डसोबत दुसरा टप्पा सक्तीचा हवा. बनावट पानावर ओटीपीही चोरला जातो. पासकी मात्र खऱ्या संकेतस्थळावरच चालते.

'आमच्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' असे छोटे व्यावसायिक विचारतात. ग्राहकांचे आधार, पॅन आणि बँक तपशील त्यांच्याच संगणकात असतात. ती चिठ्ठी आजच काढलेली बरी.