घरी शिकवणं आणि घरी बसवणं

मुलांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं ठरवलेले पालक हल्ली मला वरचेवर भेटतात. कारणं प्रत्येकाची वेगळी असतात. कुणाला फी झेपत नाही. कुणाचं मूल गच्च भरलेल्या वर्गात मुकं झालंय. कुणाच्या मुलाला हिफ्ज करायचंय आणि शाळेची वेळ जुळत नाही. कुणाच्या गावातली शाळा सातवीलाच संपते. मी माझ्या दोन्ही मुलांना काही वर्षं घरी शिकवलंय, म्हणून हे लोक विचारायला येतात. पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो, ‘पुस्तकं कोणती घ्यायची?’

माझ्या मते हा शेवटचा प्रश्न आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा माध्यमांत इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात. आधी ठरवायच्या गोष्टी तीन: शिकवणार कोण, रोज किती वाजता, आणि मूल परीक्षा कोणती देणार. या तिन्हींची उत्तरं नसतील, तर ते होमस्कूलिंग नाही. ते मूल नुसतं घरी बसलेलं आहे.

कायद्यापासून सुरुवात करू. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना तो लागू होतो. मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्यात म्हटलंय. ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा मात्र त्यात नाही, आणि होमस्कूलिंगचा उल्लेखही नाही. म्हणजे आपण चालतो त्या वाटेवर पाटी नाही. अशा वेळी कागद सांभाळावे लागतात. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, जन्मदाखला, आधार, जुनी प्रगतिपुस्तकं एका फाइलीत ठेवा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी किंवा बाई दारात आल्या, तर मुलाला आत लपवू नका. त्यांना बसवा, चहा द्या, मुलाच्या वह्या दाखवा. याच कायद्यात आणखी एक सोय आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. चौदाव्या वर्षापर्यंत परतीचं दार उघडं आहे, हे लक्षात असू द्या.

आता परीक्षा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, १९८९ पासून काम करते आहे. तिथे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आहेत. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. पाच विषय लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते. पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही, आणि नोंदणी ५ वर्षं चालते. विषयांत मराठी आहे, उर्दूही आहे. दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा, ज्याला आपण ‘सतरा नंबरचा फॉर्म’ म्हणतो. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून तो जपा असं वर म्हटलं. दोन्हींपैकी एक रस्ता आजच निवडा, मूल आठ वर्षांचं असलं तरी. जायचं कुठे ते ठरलं की रोजचा अभ्यास आपोआप आखला जातो.

रोजचा दिवस कसा असावा? घरात घंटा वाजवून शाळा भरवू नका. चाळीस मुलांसाठी जे सहा तासांत होतं, ते एका मुलासाठी दोन-अडीच तासांत होतं. पण ते दोन-अडीच तास रोजचे हवेत. पाहुणे आले, लग्न निघालं, तरी वेळ मोडायची नाही. सुरुवातीला रोज वाचन, लेखन आणि गणित एवढंच करा. बाकीचं पाठोपाठ येतं. बाजारात पावशेर-अर्ध्या किलोचा हिशोब मुलाला करू द्या, बसचं वेळापत्रक वाचू द्या, लाइटबिल समजावून सांगा. दर महिन्याला एक छोटी लेखी परीक्षा घ्या आणि तारीख घालून पेपर फाइलीत ठेवा.

भाषेचा प्रश्न आपल्या घरांत विशेष आहे. आम्ही घरात दखनी बोलतो, कोकणातली घरं कोकणी बोलतात, मकतबमध्ये उर्दू, रस्त्यावर मराठी. शाळेत मराठी कानावर पडते, घरी शिकणाऱ्या मुलाला ती मुद्दाम द्यावी लागते. माध्यम कोणतंही निवडा, पण रोज एक पान मराठी मोठ्यानं वाचून घ्या. तहसीलदाराला अर्ज लिहिता येत नाही, अशी पिढी घडवून आपलं भलं होणार नाही.

आणि माणसं लागतात. आई एकटी सगळं करू शकत नाही. निदान एक विषय अब्बांकडे असलाच पाहिजे, दुकानावरून आल्यावर अर्धा तास का होईना. सहावी-सातवीच्या पुढे बीजगणित आणि विज्ञान आपल्याला झेपत नसेल, तर मोहल्ल्यातल्या बीएस्सीच्या मुलाला किंवा मुलीला मानधन देऊन बोलवा. संध्याकाळी मैदान, आठवड्यातून एकदा वाचनालय, आणि वेगळ्या जातीधर्माच्या मुलांशी दोस्ती. शाळा ही शेवटची गोष्ट न सांगता देते. घरी ती आपण जोडून द्यायची असते.

आता जे बोलायला अवघड आहे ते बोलतो. काही घरांत मुलगा शाळेत जातो आणि त्याच्या बहिणीचं ‘होमस्कूलिंग’ चालतं. मी विचारतो, तिचा फॉर्म भरला का? उत्तर येतं, बघू पुढच्या वर्षी. ती दिवसभर काय करते? धाकट्याला सांभाळते, भाकऱ्या करते. हे शिक्षण नाही. एक इंग्रजी शब्द वापरून मुलीची शाळा सोडवलेली आहे, एवढंच. शाळा लांब आहे, बस वेळेवर नाही, वाटेत टवाळ पोरं आहेत, या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर घरचा अभ्यास हा उपाय होऊ शकतो, पण मग तिलाही तेच दोन-अडीच तास, तीच फाइल, तोच परीक्षेचा फॉर्म मिळायला हवा. त्या वेळात तिला चूल दाखवायची नाही. जे मुलग्यासाठी मान्य केलं नसतं, ते तिच्यासाठी मान्य करायचं नाही.

घरी शिकवणं हा शाळेपेक्षा वरचा दर्जा नाही आणि गुन्हाही नाही. ती वाढीव जबाबदारी आहे. दर वर्षी मे महिन्यात फाइल उघडा, मुलाला समोर बसवा आणि त्यालाच विचारा, पुढचं वर्ष घरी की शाळेत? मूल शाळा म्हणालं, तर जूनमध्ये नाव घाला. त्यात कमीपणा काही नाही. निर्णय आपण घेतो, पण वर्षं त्याच्या आयुष्यातली जातात.