गाडी अडखळते तेव्हा

मैत्रिणींनो, आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतली की क्लचची कटकट मिटते. पण म्हणून गाडीची कुरकुर ऐकायचीच नाही, असं थोडंच आहे?

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी चौकात अडखळू लागली. पाय दाबला तरी क्षणभर ढिम्म, मग एकदम धक्का! मागून ट्रक येत असला की तो क्षण फार मोठा वाटतो हो. ‘बाईंना सवय नाही,’ म्हणत मेकॅनिकने हसण्यावारी नेलं. मग मी आठ दिवस वहीत टिपून ठेवलं : धक्का गाडी थंड असताना की तापल्यावर, कितव्या गिअरला, चढावर की सपाटीला. वही पुढे ठेवली तेव्हा कुठे तपासणी झाली. सील झिजून गिअरबॉक्सचं तेल गळत होतं!

आधी पुस्तिकेत गाडीचा प्रकार पाहा. ‘एएमटी’ असेल तर गिअर बदलताना हलका झोका बसायचाच. पाय किंचित सैल करा. तो अचानक वाढला, तर क्लच तपासून घ्या. ‘टॉर्क कन्व्हर्टर’ असेल तर तेल पाहायला सांगा. नवं तेल बहुधा लालसर, पारदर्शक असतं. काळपट नि करपल्या वासाचं असेल तर आत झीज झालेली असू शकते. भरायचं मात्र पुस्तिकेत सांगितलेलंच.

इंजिनाच्या बिघाडानेही धक्के बसतात. तेव्हा स्कॅनर लावून पाहिल्याशिवाय गिअरबॉक्स उघडू देऊ नका. आणि दुरुस्ती होईतो मुलांना घेऊन हमरस्त्यावर जाणं नकोच!