परसबाग : हिरवळ पेरण्याआधी

नाशिकच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, “गेल्या जूनमध्ये बंगल्यापुढच्या जागेत हौसेने हरळीचे बी पेरले. तण नको म्हणून भावोजींनी शेतावरचे, कांद्यात मारून उरलेले तणनाशक आणून आधी फवारले. पाचव्या दिवशी मी बी टाकले. महिना झाला तरी हरळीचे एक पाते नाही. लव्हाळा मात्र बघावे तिकडे! सासूबाई म्हणतात, दुकानदाराने जुने बी गळ्यात मारले. यंदा पुन्हा पैसे घालावेत का?”

जरूर घाला, ताई. पण दुकानदाराला बोल लावण्याआधी त्या तणनाशकाचे नाव बघा. कांद्यात वापरतात ती पेंडीमेथॅलीनसारखी औषधे मातीच्या वरच्या थरात बसून राहतात आणि रुजणाऱ्या बियाची मुळी खुंटवतात. तणाचे बी कोणते अन् आपले कोणते, हे त्यांना कुठून कळणार? लावलेले कांद्याचे रोप तरते, हरळीचे कोवळे मोड मरतात. लव्हाळा येतो जमिनीतल्या गाठींतून, म्हणून तो मजेत राहतो.

ग्लायफोसेटची गोष्ट वेगळी. ते हिरव्या पानातून मुळापर्यंत उतरते. मातीतल्या बियाला अडवत नाही. म्हणून पेरणीआधी तेच सुचवले जाते. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा. नाकाला पदर लावून घरच्या पंपाने मारायची ही वस्तू नव्हे.

माझे विचाराल, तर घरापुढच्या तीन-चारशे चौरस फुटांना कुदळ, खुरपे आणि थोडा धीर पुरतो. असे करा :

आधी परीक्षा. एका कुंडीत अंगणातली माती आणि दुसरीत बाहेरची स्वच्छ माती घ्या. दोन्हींत चिमूटभर हरळीचे बी टाकून ओल राखा. पंधरा दिवसांत दोन्हीकडे सारखे उगवले, तर जमीन निवळली. बाहेरच्याच मातीत उगवले, तर अजून थांबा. दोन्हीकडे नाही, तर मात्र सासूबाईंचे खरे!

मे महिन्यात वीतभर खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी वेचा आणि फरशीवर कडक उन्हात खडखडीत वाळवा. नुसती पात उपटून काही होत नाही.

मग वाफा सारखा करून पाणी द्या, पण पेरू नका. आठ-पंधरा दिवसांत तण उगवेल. ते खुरप्याने वरच्यावर काढा. खोल खणलेत, तर खालचे नवे बी वर येईल. असे दोनदा केले, की निम्मी लढाई जिंकली.

पेरताना १०० चौरस फुटांना ५० ते ७५ ग्रॅम बी कोरड्या वाळूत मिसळा. अर्धे उभे, अर्धे आडवे फेका आणि वर मातीचा अगदी पातळ थर द्या. मुसळधार सरीत बी वाहून जाते, तेव्हा पावसाचा अंदाज घेऊन पेरा. हिरवळ दोन-तीनदा कापून होईपर्यंत तण हातानेच काढायचे.

आणि हो, उरलेले तणनाशक सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. तहानलेल्या मुलाला काय कळणार? ते मूळ डब्यात, कुलपात राहू दे. त्याची झारी तुळशीला नको.

शेवटी एवढेच, की हरळी म्हणजे आपली दूर्वाच. याच अंगणातून गणपतीच्या जुड्या निघणार आणि याच हिरवळीवर मुले अनवाणी लोळणार. तिथे चार दिवसांची घाई कशाला? पंधरा दिवस उशीर झाला तरी चालेल, ताई. पाऊस आपलाच आहे.