सावकाश प्रवास

सुटी लागली कीं आपल्या शिवाजी पेठेंतील घराघरांत सहलीचे बेत सुरू होतात. पहांटे मोटार निघते, तीन दिवसांत दहा स्थळें उरकतात, आणि परतल्यावर मुलांस आठवतो तो वाटेवरील उपाहारगृहांतला वडा. अशा धांवपळीस प्रवास म्हणणें मला जड जातें.

एक मित्र, एक राहुटी, चार दिवसांचा शिधा आणि दिवसाला थोडीच वाट, एवढें पुरे. त्यासाठीं हिमालय किंवा राजस्थानचें वाळवंट गांठावयास नको. पश्चिमेस सुमारें ५५ किलोमीटरांवर गगनबावडा आहे. तेथें वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. ईशान्येस आटपाडी-म्हसवडचा माणदेश. तेथें पांचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगलें म्हणतात. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रि चढतांना थंड होऊन रिते होतात व पूर्वेस उतरणारी हवा तापून कोरडी होते, हें भूगोलांत सर्वांनीं पाठ केलेलेंच आहे. पाठ केलेलें आणि अंगाला लागलेलें यांत मात्र फार अंतर असतें.

मागील दिवाळींत मी व माझे एक स्नेही असेच पांच दिवस हिंडलों. गगनबावड्यास सकाळीं राहुटीचें कापड पिळून काढावें इतकें ओलें होई. गगनगडावरून खालीं पाहावें तों कोंकण धुक्याखालीं गडप! चौथ्या दिवशीं माणदेशांतील माळावर खुंटी जमिनींत शिरेना. दोर दगडांना बांधले. जवळच मेंढ्या बसविलेल्या धनगरबाबांनीं हंडा आणून ठेवला आणि नम्रपणें म्हणाले, "पाहुणं, ह्ये प्यायाचं पानी हाय, हातपाय धुवायचं न्हवं." मोटारींतून धांवत गेलों असतों, तर हें वाक्य कानीं पडलें नसतें.

इ. स. २०१९ च्या उन्हाळ्यांत याच भागांत गुरांसाठीं चारा-छावण्या होत्या. त्याच वर्षीं ऑगस्टांत पंचगंगा आपल्या शहरांत शिरली. आपल्या मुलांनीं पूर तेवढा पाहिला. आतां कऱ्हाडजवळच्या टेंभू येथून उपसलेलें कृष्णेचें पाणी टप्प्याटप्प्यानें चढून आटपाडीकडे जातें व डाळिंबाच्या बागांस मिळतें. तें पाहावयास तरी मुलांनीं जावें.

पालक म्हणतील, परीक्षेचें काय? चार दिवसांनीं गुण घटत नाहींत, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. सुरक्षिततेची शंका मात्र रास्त आहे. लहान मुलांबरोबर थोर माणूस असावाच, आणि मुक्कामाची जागा गांवांतील वडीलधाऱ्यांस विचारूनच ठरवावी. सोबती बडबड्या नसला तर अधिक बरें. पहिल्या दिवसाच्या गप्पा संपल्या कीं दोघेही आजूबाजूस पाहूं लागतात.

दिवाळीनंतरचे दिवस यास उत्तम. घाट अजून हिरवा असतो व माणदेशांतलें ऊन सोसवतें. पाण्याचे दोन मोठे डबे मात्र वाटेंतच भरून घ्यावेत.