‘गोल्ड’ पडद्यावर, इतिहास पडद्याआड

१५ ऑगस्ट जवळ आला की आपल्याकडे देशभक्तीचा बाजार भरतो. २०१८ साली याच मुहूर्तावर रीमा कागती यांचा ‘गोल्ड’ प्रदर्शित झाला. स्वतंत्र भारताने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, त्या घटनेवर बेतलेला हा चित्रपट. परवा वस्तीतल्या मुलांसोबत आम्ही तो पुन्हा पाहिला. संपल्यावर एका मुलाने विचारले, “वकीलसाहेब, त्या वेळी आपला कॅप्टन कोण होता?” अडीच तास पाहूनही हा प्रश्न शिल्लक राहावा, यातच चित्रपटाचे अपयश आले.

त्या कॅप्टनचे नाव किशनलाल. जन्म महूचा. ज्या लष्करी छावणीच्या गावात १८९१ साली बाबासाहेब जन्मले, तेच महू! १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर या संघाने ब्रिटनला ४-० असे धूळ चारली. बलबीर सिंग यांनी दोन गोल केले, त्रिलोचन सिंग आणि पॅट्रिक जॅन्सन यांनी एकेक. लिओ पिंटो, लेस्ली क्लॉडियस, अख्तर हुसेन ही त्याच संघातली नावे. शीख, ख्रिस्ती, मुसलमान, अँग्लो-इंडियन अशा साऱ्यांचा तो संघ होता.

पडद्यावर यातले एकही नाव नाही. तिथे नायक आहे तपन दास, संघाचा काल्पनिक व्यवस्थापक, म्हणजे अक्षय कुमार. घाम गाळला खेळाडूंनी आणि श्रेय लाटले नटाने. एकतर्फी जिंकलेला सामनाही अटीतटीचा करून दाखवला आहे. फाळणीने मोडलेला संघ, देश सोडावा लागलेला इम्तियाज, हे प्रसंग मनाला भिडतात हे आम्ही मान्य करतो. पण कलेचे स्वातंत्र्य म्हणजे अस्सल दस्तऐवज बाजूला सारून बनावट साक्षीदार उभा करण्याचा परवाना नव्हे.

कथा १९३६ च्या बर्लिनपासून सुरू केल्याने आणखी एक नाव सुटले. १९२८ साली अॅमस्टरडॅमला भारताने हॉकीचे पहिले सुवर्ण मिळवले. त्या संघाचे कर्णधार होते जयपालसिंग मुंडा, एक आदिवासी. पुढे हेच जयपालसिंग संविधान सभेत बसले आणि ‘आदिवासी’ या शब्दासाठी भांडले. लंडनच्या विजयाआधी काही महिने, फेब्रुवारी १९४८ मध्ये, बाबासाहेबांच्या मसुदा समितीने राज्यघटनेचा मसुदा सादर केला होता. मैदान आणि संविधान यांना जोडणारा एवढा मोठा माणूस इतिहासात असताना काल्पनिक नायकाची गरज काय?

दोनशे वर्षांच्या गुलामीचा सूड, एवढाच या चित्रपटाचा स्वातंत्र्याचा अर्थ. इंग्रज हरला, झेंडा वर गेला, खेळ खलास! ज्यांची गुलामी हजारो वर्षांची होती, त्यांच्या स्वातंत्र्याचे काय? राजकीय समता आली तरी सामाजिक व आर्थिक विषमता उरणार आहे, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिला होता. तो इशारा न ऐकणारी देशभक्ती फक्त टाळ्यांपुरती असते.

म्हणून आमची एकच विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टला मुलांना चित्रपट जरूर दाखवा. पण त्याआधी किशनलाल आणि जयपालसिंग मुंडा ही दोन नावे फळ्यावर लिहा.