लेटरहेडवरचा अनुभव

अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलची मशिनरी सांभाळणारा इंजिनीअर ऑस्ट्रेलियाच्या गुणांवर ठरणाऱ्या व्हिसासाठी बसला, की गाडी अडते ती कागदावर. अनुभवपत्रात लेटरहेडवर हुद्दा, कामाचं स्वरूप, तास, सगळं लागतं. वर पगारपत्रक नि आयकराचे कागद. इथे निम्मा पगार रोखीत. मालक म्हणणार, ‘कागद काहाले पायजे बाप्पा, फोनवर सांगतो ना मी!’ (सांगेलही बिचारा, पण व्हिसा काही त्याच्या शब्दावर मिळत नाही.) कागद जुळवता जुळवता तेहतिसावा वाढदिवस आला, तर वयाचे 30 गुण 25वर येतात. अमरावतीहून पुण्याला गेलेल्या आयटीवाल्यांकडे कागद असतात, पण त्यांची पहिली दोन वर्षं तरी सहसा अनुभवात धरत नाहीत. आणि ऑस्ट्रेलियात बसून व्हिसाचा सल्ला विकणाऱ्याला, वकील सोडले तर, नोंदणी सक्तीची. अकोल्यातल्या एजंटाला तीही नको.